फोन वाजतो, पण आवाज येत नाही



दोन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यातली गोष्ट. प्रवेशाचे दिवस होते. आमच्या महाविद्यालयाच्या कचेरीत एक गृहस्थ आले. अंगात धुवट सदरा, हातात पिशवी, पिशवीत मुलीचे कागद. पहाटेची एस. टी. धरून, मध्ये एकदा गाडी बदलून, कामाचा एक दिवस बुडवून ते आले होते. काम काय, तर एवढेच विचारायचे होते की जातीचा दाखला अजून हाती आलेला नाही, अर्ज केल्याची पावती चालेल का आणि शेवटची तारीख कोणती.

आमचे हेडक्लार्क म्हणाले, "अहो, एवढ्यासाठी कशाला हेलपाटा घातलात? फोन करायचा!"

गृहस्थ जरा थांबले. मग म्हणाले, "केला होता की साहेब. चार दिस करतोय. मी बोलत होतो, तुम्हीच वरडत होता. बोला ना, बोलायचं नसंल तर फोन कशाला करता म्हणून."

हेडक्लार्कांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. कारण चार दिवस तेही तक्रार करीत होते की कुणीतरी वात्रट पोर मुके फोन करून छळते आहे. फोन वाजतो, उचलावा तर पलीकडे स्मशानशांतता. त्यांनी शेवटी वैतागून दोन कडक शब्द सुनावले, ते या माणसाने मुकाट ऐकून घेतले होते. त्याला सगळे ऐकू येत होते. आम्हाला काहीच येत नव्हते. आणि प्रवेशाची मुदत त्याच दिवशी पाच वाजता संपत होती. हा माणूस आणखी एक दिवस फोनवर विसंबून राहिला असता, तर मुलीचे वर्ष गेले असते.

आता हा फोन कसला, ते सांगतो. ग्रामपंचायतीत, शाळेत, पतपेढीत आज जागोजागी संगणक आले, इंटरनेट आले, आणि त्यापाठोपाठ इंटरनेटवरून चालणारा फोनही येऊ लागला. त्याला वेगळे यंत्र लागत नाही. संगणकावर एक सॉफ्टवेअर बसवायचे, कानाला हेडफोन लावायचा, झाला फोन. आपल्या मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले ते १८८२ साली. त्या फोनमध्ये बोलणाऱ्यापासून ऐकणाऱ्यापर्यंत तार अखंड जोडलेली असे. या नव्या फोनला तशी तार नाही. आपला आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजला जातो, त्या आकड्यांच्या पुड्या बांधल्या जातात, आणि सेकंदाला ५० पुड्या या हिशेबाने त्या रवाना होतात. पलीकडे पुड्या सोडून पुन्हा आवाज तयार करतात. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाचे हेनिंग शुल्झरिन हे या पद्धतीच्या कर्त्यांपैकी एक. हिचे आज रूढ असलेले नियम २००२ साली प्रसिद्ध झाले. योगायोग असा की भारतात इंटरनेटवरून फोन करायला, बऱ्याच अटींसह, परवानगी मिळाली तीही २००२ च्या एप्रिलमध्येच.

मी स्वतः शिकवतो अर्थशास्त्र. यंत्राशी माझा संबंध पंखा चालू-बंद करण्यापुरता. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावातच होतो, एवढ्याच पात्रतेवर प्राचार्यांनी फोनची चौकशी माझ्या गळ्यात घातली. त्या चौकशीत जे शिकलो ते आज तुमच्यापुढे ठेवतो, कारण हाच घोटाळा उद्या तुमच्या शाळेच्या फोनमध्ये होऊ शकतो.

प्रथम आम्ही, सगळे करतात तेच केले. नवे हेडफोन आणले. ते वाया गेले. मग फोनसेवा देणाऱ्यांना विचारले. ते म्हणाले, दोष तुमच्या इमारतीतला. इमारतीतले जाळे बसवणारा म्हणाला, दोष फोनवाल्यांचा. शेजारच्या भांडणात दोन्हीकडचे साक्षीदार जसे बोलतात, तसा प्रकार.

वाट दाखवली ती आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने. त्याने फोनचे सॉफ्टवेअर एका लॅपटॉपवर घेतले आणि तो लॅपटॉप कचेरीच्या जाळ्याला न जोडता आपल्या मोबाईलच्या इंटरनेटला जोडला. फोन लावला. दोन्हीकडून आवाज स्पष्ट! सॉफ्टवेअर तेच, खाते तेच, हेडफोन तोच. बदलला फक्त रस्ता. म्हणजे दोष रस्त्यात, आणि तोही आमच्या कुंपणाच्या आतला. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे आणि तिला पैसा लागत नाही. मी म्हणेन, पहिल्याच दिवशी ती करावी.

कुंपण म्हणजे फायरवॉल. चार दिवसांपूर्वीच नवी बसवली होती. तिचे काम समजायला आपल्या सरकारी कचेरीतल्या बारनिशीच्या टेबलाकडे पाहा. कचेरीत टेबले पन्नास, पण बाहेरच्या जगाला पत्ता एकच. आतल्या टेबलाचे पत्र जाताना बारनिशीचा कारकून त्यावर कचेरीचा पत्ता घालतो, जावक क्रमांक टाकतो आणि रजिस्टरात नोंद करतो. उत्तर त्या क्रमांकाचा हवाला घेऊन आले की तो नोंद पाहतो आणि कागद त्या टेबलावर पोचवतो. हवाला नसलेला अनोळखी कागद दाराबाहेरच राहतो. फायरवॉल हेच करते. आतल्या संगणकांचे पत्ते १९२.१६८ अशा आकड्यांनी सुरू होणारे, घरगुती. ते बाहेर चालत नाहीत.

साध्या पत्रव्यवहाराला ही व्यवस्था उत्तम. फोनची गोष्ट थोडी निराळी आहे. फोनमध्ये दोन वेगळ्या गोष्टी दोन वेगळ्या वाटांनी जातात. एक निरोप: अमक्याला बोलवा, घंटी वाजवा, उचलला, ठेवला. हा निरोप बहुधा ५०६० क्रमांकाच्या दाराशी जातो. दुसरी गोष्ट खुद्द आवाज. तो निराळ्याच दारांनी जातो, आणि कोणत्या दारावर पाठवायचा ते निरोपाच्या पत्रात, आत, लिहिलेले असते. संगणक बिचारा त्या पत्रात आपला घरगुती पत्ता लिहितो. "माझ्याशी बोलायचे तर टेबल नंबर बाराकडे या." बाहेरच्या पोस्टमनला टेबल नंबर बारा काय कळणार?

म्हणून फोन वाजतो आणि आवाज येत नाही. निरोप पोचला, आवाज हरवला. आमचा आवाज त्या गृहस्थांना ऐकू जाई, कारण आतून बाहेर जायला वाट होती. त्यांचा आवाज आत येताना अडत होता.

तुम्ही म्हणाल, मग चार दिवसांपूर्वीपर्यंत कसे चालत होते? मीही तेच विचारले. फोनसेवा देणारे काही अगदीच भोळे नसतात. पत्रात घरगुती पत्ता दिसला की ते ओळखतात, हा कुंपणाआडचा माणूस. मग ते लिहिलेल्या पत्त्यावर विसंबत नाहीत. आपल्याकडून आवाजाची पहिली पुडी ज्या दारातून आली, त्याच दाराशी ते उत्तर देतात. असे महिनोन्‌महिने सुरळीत चालले होते.

नव्या फायरवॉलमध्ये मात्र एक अतिउत्साही मदतनीस होता. त्याला एएलजी म्हणतात. तो फोनच्या निरोपाचे पाकीट फोडतो, आतला घरगुती पत्ता खोडतो आणि त्या जागी कचेरीचा बाहेरचा पत्ता लिहितो. हेतू चांगला, पण काम अर्धवट. पत्ता बदलला, आणि त्या पत्त्याचे दार उघडून ठेवायला साहेब विसरले. पलीकडच्यांना वाटले, यांचा पत्ता तर अगदी बिनचूक आहे, कुंपण नाहीच. त्यांनी आपली नेहमीची सावधगिरी सोडली आणि पत्रातल्या दारावर आवाज पाठवला. ते दार बंद.

हे सापडले कसे? दोन्ही टोकांचे कागद शेजारी ठेवून. सॉफ्टवेअर आपण पाठवलेल्या निरोपांची नोंद ठेवते. त्या नोंदीत पत्ता होता घरगुती. फोनसेवेच्या माणसाला त्याच्याकडे आलेला निरोप वाचून दाखवायला सांगितला, त्यात पत्ता होता बाहेरचा. पत्र वाटेत बदलले, हे सिद्ध झाले. मग मात्र दोघांचे भांडण थांबले. एएलजी बंद केला आणि मुका फोन बोलू लागला.

आम्ही पेढे मागवण्याच्या बेतात होतो, तोच दुसऱ्या दिवशी नवे दुखणे. सकाळचा पहिला फोन वाजेचना! आपण बाहेर फोन केला की पुढचे काही क्षण सगळे ठीक, थोडा वेळ गेला की बाहेरचा फोन आत येत नाही. इथे पुन्हा बारनिशीच. फायरवॉल आपल्या रजिस्टरातली नोंद फार काळ ठेवीत नाही. आमची फायरवॉल ३० सेकंद शांतता पाळली की नोंद खोडत होती, आणि फोनचे सॉफ्टवेअर आपली हजेरी तासातून एकदा देत होते. मधल्या वेळात बाहेरून आलेला निरोप बेवारशी ठरायचा. पूर्वी तो अतिउत्साही मदतनीस ही नोंद जपत होता. त्याला घालवल्यावर हे उघडे पडले. एक दुरुस्ती दुसरे दुखणे वर काढते, हे विहिरीच्या पंपाची दुरुस्ती केलेल्यांना सांगायला नको. उपाय सोपा होता. दर २० सेकंदांनी सॉफ्टवेअरने एक छोटीशी खूण पाठवायची, म्हणजे नोंद जिवंत राहते.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. बोलणे चांगले चालू असते आणि बरोबर अर्ध्या मिनिटाच्या आसपास, ३२ सेकंदांनी, फोन तुटतो. दर वेळी तेवढ्याच वेळाने तुटला तर तो योगायोग नव्हे. फोन उचलल्याची पोच आणि त्या पोचेची पोच असा रिवाज आहे. पोचेची पोच वाटेत अडली, तर यंत्र ३२ सेकंद वाट पाहते आणि बोलणे तोडते. मूळ माप अर्धा सेकंद, त्याची ६४ पट. घड्याळ लावून पाहा. कारागिराला एवढे सांगितले तरी त्याचा निम्मा दिवस वाचेल.

आवाज तुटक येणे हे मात्र वेगळे दुखणे. त्याला फायरवॉल क्वचितच कारण असते. एका बोलण्याला दर दिशेला फार तर ८० ते १०० किलोबिटचा रस्ता पुरतो, पण तो अखंड हवा. परीक्षेचे फॉर्म भरण्याच्या दिवशी शंभर मुले त्याच जोडणीवर बसली की आवाजाच्या पुड्या रांगेत अडकतात, आणि उशिरा आलेली पुडी टाकूनच द्यावी लागते. आम्ही फोनचा संगणक वाय-फायवरून काढून तारेला जोडला आणि आवाजाच्या पुड्यांना रांगेत पुढे जागा द्यायला सांगितले. एवढ्याने भागले.

या खटाटोपात एक सल्ला वारंवार मिळत होता, तो मात्र मी मानला नाही. "फायरवॉलच बंद करा ना! कटकटच नको." आमच्या संगणकावर दोन हजार मुलांचे पत्ते, आधार क्रमांक, गुण, फीचा हिशेब. फोन ऐकू यावा म्हणून वेशीचा दरवाजाच उतरवून ठेवायचा का? शिवाय ५०६० चे दार जगाला उघडे दिसले की चोर तासाभरात दार वाजवू लागतात. पासवर्ड सोपा असला तर रात्रीतून तुमच्या खात्यावर परदेशी फोन होतात आणि बिल तुम्हाला येते. सेवा देणाऱ्यांच्या ठरावीक पत्त्यापुरतीच वाट ठेवा, बाकीची बंदच बरी. पुढे आम्ही निरोपाला कुलूपही लावले, म्हणजे तो सांकेतिक लिपीत जाऊ लागला. त्याचे दार बहुधा ५०६१. लाखेची मोहोर असलेले पाकीट मधल्या कारकुनाला फोडता येत नाही, हा त्यातला दुसरा फायदा.

आणि एक गोष्ट विसरू नका. वीज गेली, इंटरनेट गेले, की हा फोन मुका. गावाकडे तर वीज जाण्याला निमित्तही लागत नाही. शाळेत एखाद्या मुलाला साप चावला तर ११२ लावायला साधा मोबाईल जवळ हवा. तो चार्ज केलेला आहे ना, हे रोज कुणीतरी पाहायला हवे. आमच्याकडे ते काम शिपायाकडे आहे, आणि सगळ्यांपेक्षा तोच ते चोख करतो.

त्या गृहस्थांच्या मुलीचा प्रवेश पाचच्या आत झाला. पावती चालली. हेडक्लार्कांनी त्यांना स्वतःच्या पैशाने चहा पाजला आणि परतीच्या एस. टी.पर्यंत सोडायला स्वतः गेले. वाटेत काय बोलले ते मला ठाऊक नाही. पण फोनशेजारच्या भिंतीवर दुसऱ्या दिवशी त्यांच्या अक्षरातला एक कागद चिकटलेला दिसला. अजून आहे. फोन उचलल्यावर पलीकडून काहीच ऐकू आले नाही, तर बसणाऱ्याने काय म्हणायचे ते त्यावर लिहिले आहे: "नमस्कार. तुमचा आवाज आमच्याकडे येत नाही, पण आमचा तुम्हाला येत असेल. रागावू नका, फोन ठेवू नका. कचेरीचा मोबाईल नंबर सांगतो, तो लिहून घ्या." मग नंबर दोनदा, सावकाश सांगायचा.