नव्या गाडीचे जुने साल

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात सभासद व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



कार्यकारिणीने आम्हाला बँकेच्या व्यवहारावर दोन शब्द बोलण्यास सांगितले होते. बचत, विमा, कर्ज हे विषय दरवर्षी होतातच. म्हणून यंदा परवानगी घेऊन थोडे वेगळे बोलत आहोत. अलीकडे खालापूर, खोपोली, चौक, रसायनी, तिकडे कर्जत-नेरळपर्यंत आपल्या माणसांच्या दारात चारचाकी उभी राहू लागली आहे. कुणी कामावर जाण्यासाठी घेतो, कुणी भाड्याने चालवून पोट भरण्यासाठी घेतो. घर सोडले तर आपल्या आयुष्यातील ही सर्वांत मोठी खरेदी. आणि ती आपण बाजारात वांगी घेतो त्यापेक्षाही कमी चौकशीने करतो. वांगे निदान उलटून तरी पाहतो.

आपल्या एका ज्येष्ठ सभासदांची हकीकत सांगतो. त्यांची संमती घेतली आहे, तथापि नाव सांगत नाही, आणि शोरूमचेही नाव घेणार नाही. हे काका कारखान्यातून निवृत्त झाले. धाकट्या मुलाला नोकरी लागेना, तेव्हा त्याने प्रवासी गाडी चालवावी असे ठरले. फंडाच्या पैशातून मार्जिन मनी भरले, उरलेले कर्ज आमच्या शाखेतून. जानेवारीचा पहिला आठवडा होता. शोरूममधला विक्रेता म्हणाला, "काका, काळजी करू नका, नव्या सालाचीच गाडी देतो." काकांना ते पटले. जानेवारीत घेतलेली गाडी जानेवारीचीच असणार, असेच आपल्याला वाटते.

गाडी संध्याकाळी मिळाली. हार, नारळ, पेढे, फोटोसाठी पुठ्ठ्याची मोठी किल्ली. त्या गडबडीत बॉनेटवर कागद ठेवून सात-आठ सह्या घेतल्या. त्यातील एका कागदावर छापलेले होते की गाडी तपासून पाहिली, समाधानकारक स्थितीत मिळाली. काकांनी गाडी तपासली नव्हती, हाराचे फूल काचेवरून बाजूला केले होते एवढेच.

महिन्याभराने सावरोलीच्या बाजूला चाक पंक्चर झाले. पंक्चर काढणारा पोरगा टायर फिरवता फिरवता म्हणाला, "गाडी नवी म्हणता, टायर तर गेल्या सालचा आहे." टायरवर चार आकडे असतात. पहिले दोन वर्षाचा आठवडा सांगतात आणि शेवटचे दोन वर्ष. एवढ्यावरून गाडीचे वय ठरत नाही, नव्या गाडीला थोडा आधीचा टायर असू शकतो. परंतु मुलाच्या मनात पाल चुकचुकली. त्याने घरी जाऊन कागद काढले. गाडी आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये तयार झालेली होती. दहा महिने कुठेतरी ऊन-पाऊस खात उभी होती.

आता आमचा भाग सांगतो, कारण तो सांगितल्याशिवाय हे भाषण करण्याचा आम्हाला अधिकार नाही. कर्जाची रक्कम डीलरच्या खात्यात गेल्यावर दोन दिवसांनी बिलाची आणि विक्री प्रमाणपत्राची प्रत आमच्या टेबलावर आली होती. गाडी तेव्हा शोरूममध्येच होती. विक्री प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २१. त्यात चासी क्रमांक, इंजिन क्रमांक यांबरोबर उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहिण्याचा रकाना असतो. त्या रकान्यात मार्च असे स्पष्ट लिहिलेले होते. आम्ही काय पाहिले? कर्जदाराचे नाव बरोबर आहे ना, बोजा म्हणून आमच्या बँकेचे नाव आले आहे ना, रक्कम जुळते ना. मग दोन भोके पाडून कागद फाईलला लावला. बँकेची काळजी पूर्ण झाली. काकांची काळजी करणे आमच्या कामात बसत नव्हते, असे म्हणून सुटता येईल. परंतु काका आमच्या टेबलासमोरच्याच बाकावर बसले होते.

कुणी म्हणेल, दहा महिन्यांनी काय बिघडते? गाडी तर चालतेच आहे. बिघडते ते असे. उद्या गाडी विकायला काढली की घेणारा पहिला प्रश्न उत्पादनाच्या सालाचा विचारतो. एक साल मागे म्हणजे किंमत खाली. महिनोन् महिने उभ्या गाडीची बॅटरी, रबर, टायर यांचे आयुष्यही कमी होते. वर्षअखेरीस उरलेला माल डीलर सवलतीत विकतात, त्यात गैर काहीच नाही. साल सांगा, सवलत द्या, ज्याला परवडेल तो घेईल. गैर आहे ते साल लपवून नव्याची किंमत घेणे.

कायदा याबाबत मुका नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून अमलात आला, त्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे. जुना, वापरलेला किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून भासवणे हे त्यात शब्दशः घातलेले आहे. या कायद्याच्या आधी १९८६ चा कायदा होता. २४ डिसेंबर १९८६ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन मानतात. त्याच्याही आधी आपल्या महाराष्ट्रात ग्राहक पंचायतीच्या लोकांनी ही चळवळ उभी केली होती. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ ची.

शेजारच्या गोव्यातील एक खटला विद्यार्थ्यांनी जरूर वाचावा. २०११ साली एका ग्राहकाने टाटा मोटर्सच्या गाडीसाठी पैसे भरले. त्याला हवी होती २०११ ची गाडी. डीलरने पुढे केली २००९ ची. ती ६२२ किलोमीटर चाललेली, खालच्या भागाला गंज आणि अंगावर ओरखडे. या गृहस्थाने आपल्या काकांसारखे केले नाही. पैसे परत द्या किंवा गाडी बदलून द्या, असे त्याने सांगितले आणि जिल्हा मंचाकडे गेला. मंचाने डीलर आणि कंपनी दोघांनाही जबाबदार धरले. राज्य आयोगाने आणि राष्ट्रीय आयोगाने तोच निर्णय कायम ठेवला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने कंपनीला मोकळे केले. कंपनी डीलरला गाडी विकते, तेथे दोघांचा व्यवहार स्वतंत्र मालक म्हणून असतो. पुढे डीलरने ग्राहकाशी लबाडी केली आणि कंपनीला ती माहीत असल्याचे सिद्ध झाले नाही, तर कंपनीवर बोजा टाकता येत नाही, असा त्याचा आशय.

हा निकाल आम्हाला मनापासून आवडलेला नाही, हे सांगतो. माणूस शोरूममध्ये जातो तो दारावरची कंपनीची पाटी पाहून, डीलरचे आडनाव पाहून नव्हे. परंतु निकाल आहे तो आहे. त्यातून घ्यायचे ते असे की, सालाची किंवा वापरलेल्या गाडीची तक्रार असेल तर मुख्य नेम डीलरवर धरावा. कंपनीला पक्षकार करायचेच असेल, तर कंपनीला काय माहीत होते आणि तिने काय केले हे तक्रारीत वेगळे लिहावे. नुसते दोघांचे नाव घालून चालत नाही.

दुसरा खटला गुजरातेतील एका ग्राहकाचा, जनरल मोटर्सविरुद्ध. शेव्हरोले फॉरेस्टर ही गाडी खडकाळ वाटेवरही चालणारी एस.यू.व्ही. म्हणून दाखवली होती. गाडीबरोबरच्या पुस्तिकेत मात्र ती तशा वाटेसाठी नाही असे निघाले. ग्राहकाला भरपाई मिळाली. राष्ट्रीय आयोगाने त्याशिवाय कंपनीवर दंडात्मक भरपाई म्हणून २५ लाखांचा भार टाकला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो २५ लाखांचा भाग रद्द केला. कारण काय, तर मूळ तक्रारीत ती मागणीच नव्हती आणि कंपनीला त्यावर उत्तर देण्याची संधी मिळाली नव्हती. तेव्हा जे मागायचे ते पहिल्याच अर्जात लिहून मागावे. मागून "साहेब, हेही द्या" म्हणून उपयोग नाही.

येथे एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. गाडीत बिघाड असणे ही वेगळी तक्रार. तिथे तज्ज्ञाची तपासणी, अहवाल, वॉरंटीच्या अटी असे सगळे येते. २००६ साली मारुतीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश मान्य केला नाही, कारण वॉरंटीत सदोष भाग बदलण्याचेच वचन होते. पण सालाच्या फसवणुकीत प्रयोगशाळा लागत नाही. एका कागदावर सांगितलेले साल आणि दुसऱ्या कागदावर खरे साल, एवढे दोन कागद समोरासमोर ठेवायचे असतात. अडचण अशी की बहुधा पहिला कागदच नसतो. सांगितलेले सगळे तोंडी असते.

काकांचेही तेच झाले. शोरूममध्ये गेल्यावर मॅनेजर म्हणाले, "बुकिंग फॉर्मवर साल कुठे लिहिले आहे, दाखवा." सालाची जागा कोरी होती. "आणि फॉर्म २१ वर तर आम्ही खरेच लिहिले आहे. सही तुमची आहे." काका गप्प झाले. त्यांना सीट कव्हर आणि पायपुसणी फुकट देऊ केली. ते घेऊन ते घरी आले असते, तर गोष्ट तेथेच संपली असती. परंतु मुलाच्या फोनमध्ये विक्रेत्याचा एक संदेश पडून होता. गाडी नव्या सालाचीच आहे, असे त्याने स्वतःच्या हाताने लिहून पाठवले होते. आजच्या पोरांना फोनवरून आपण रागावतो, पण त्या दिवशी फोननेच लाज राखली.

आम्ही दोन रविवार बसून पत्र तयार केले. तारखा, रकमा, संदेशाचा मजकूर, फॉर्म २१ वरचा महिना, आणि शेवटी मागणी. ते स्पीड पोस्टाने पाठवले, पोच जपून ठेवली. उत्तर आले नाही तेव्हा दुसरे पाठवले, त्यात अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगात जात असल्याचे कळवले.

अलिबागचे नाव ऐकून पुष्कळांचे पाय गळतात. खोपोलीहून पेण, पेणहून अलिबाग, एक दिवसाची मजुरी बुडते, हे खरेच आहे. तरीही काही गोष्टी आपल्या बाजूच्या आहेत. शोरूम पनवेलला असो की पुण्याला, २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगात तक्रार करता येते. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीचा वाद जिल्हा आयोगात चालतो. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये. वकील लावलाच पाहिजे असे नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र जावे लागते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर फोन करून पाहण्यास हरकत नाही, काही वाद तेथेच मिटतात. आणि गाडी भाड्याने चालवतो म्हणून तू ग्राहक नाहीस, असे कुणी म्हणाले तर घाबरू नये. स्वतः राबून उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू कायद्याने व्यापारी हेतूत धरलेली नाही. दहा गाड्या ठेवणाऱ्याची गोष्ट वेगळी.

एक कडू गोष्ट बँकवाला म्हणून सांगितलीच पाहिजे. वाद चालू आहे म्हणून हप्ता थांबत नाही. आमच्या पुस्तकात गाडीचे साल येत नाही, फक्त थकबाकी येते. रागाने हप्ता बंद केला तर डीलरचे काही जात नाही, आपली पत जाते, आणि पुढे गाडीही जाऊ शकते. काकांच्या मुलाने त्या दोन-अडीच महिन्यांत रात्रीच्या फेऱ्या मारून हप्ते भरले.

दुसऱ्या पत्रानंतर शोरूमने बोलावले. त्या मॉडेलच्या आदल्या सालाच्या गाडीवर जी सवलत चालू होती, ती रक्कम धनादेशाने परत केली. बदली गाडी मिळाली नाही. मनस्तापाचे, खेपांचे काही मिळाले नाही. अलिबागला गेलो असतो तर अधिक मिळाले असते असे आम्हाला वाटते, काकांना तसे वाटत नव्हते. गोव्याच्या प्रकरणाला २०११ पासून २०२१ उजाडले, हे आम्हीच त्यांना सांगितले होते. ते म्हणाले, "दहा वर्षांनी मी असेन का?" त्यावर आम्ही काही बोललो नाही. आजही आमचे मत बदललेले नाही, पण निर्णय त्यांचा होता.

तेव्हा सभासदांनो, बुकिंग फॉर्मवर उत्पादनाचा महिना आणि साल स्वतःच्या डोळ्यांसमोर लिहून घ्या. लिहायला टाळाटाळ झाली तर तेथेच समजा. पैसे पूर्ण देण्याआधी गाडी दिवसाउजेडी पाहा. चासी क्रमांक बिलाशी ताडून पाहा, किलोमीटरचा आकडा पाहा, दारांच्या कडांचा रंग पाहा, टायरचे चार आकडे पाहा. गाडी प्रात्यक्षिकासाठी फिरवलेली होती का, हे विचारा आणि उत्तर लेखी मागा. "समाधानकारक स्थितीत मिळाली" या ओळीखाली सही करण्यापूर्वी काही उणे दिसले तर ते सहीच्या वर पेनाने लिहा. हार नंतर घाला.

आणि आमच्यापुरते सांगायचे तर, आता वाहनकर्जाची फाईल टेबलावर आली की आम्ही फॉर्म २१ वरील उत्पादनाचा महिना कर्जदाराला मोठ्याने वाचून दाखवतो. परवा एका मुलीने विचारले, "साहेब, हे बँकेचे काम आहे का?" आम्ही म्हटले, नाही. तिने रकाना पुन्हा वाचला, बाहेर जाऊन वडिलांना फोन लावला, आणि त्या दिवशी सही केली नाही.