डायलिसिसच्या खाटेवरील ऊब



ज्युबिलीच्या या आनंदांत आपल्या आजारी बंधुभगिनींचें स्मरण करणें आम्हांस उचित वाटतें. अहिल्यानगर जिल्ह्यांतील पौषाची थंडी आपण जाणतांच. अशा पहाटे श्रीरामपूर-संगमनेरकडील खेड्यांतून डायलिसिसला निघणाऱ्या आजाऱ्यास दुहेरी थंडी सोसावी लागते. मूत्रपिंडें निकामी झाल्यामुळें त्याचें रक्त सुमारें ४ तास नळ्यांवाटे यंत्रांत जाऊन, शुद्ध होऊन परत येतें; त्या वाटेंत तें निवतें. रक्तदाब उतरूं नये म्हणून यंत्रांतील द्रावणहि कित्येकदां मुद्दाम ३५ ते ३६ अंश सेल्सिअसवर ठेवितात. तेव्हां तें वाढविण्याचा हट्ट न धरितां परिचारिकेस विचारावें.

घोंगडी, पायमोजे, कानटोपी व पुढून उघडणारा सदरा सोबत न्यावा. मात्र सुया टोचलेला हात कधींहि झांकूं नये. सुई निसटल्यास पांघरुणाखालीं वाहणारें रक्त कोणास दिसत नाहीं. गरम पाण्याची पिशवी टाळावी. मधुमेह्यास पुष्कळदां चटका कळत नाहीं. हुडहुडीसह ताप भरल्यास ती साधी थंडी न समजतां तत्काळ सांगावें.

सन २०१६ च्या राष्ट्रीय डायलिसिस योजनेनें गरिबांस जिल्हा रुग्णालयांत मोफत उपचाराची वाट मोकळी केली. परंतु पहाटे सोबत जाणारा शेजारी कोणतीहि योजना देत नाहीं. आजाऱ्यास भेटणें व उघड्यास पांघरविणें, हीं दोन्हीं दयाकृत्यें एका घोंगडींत सामावतात. ती घोंगडी आपणच पोंचवूं या.