सातबारा नसलेला शेतकरी

(रत्नागिरी येथील शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



मी भाताच्या सुधारित जातींवर बोलेन, अशी आपली अपेक्षा असेल. त्याऐवजी आज आपल्या बांधापलीकडच्या शेतकऱ्याविषयी, म्हणजे कातकऱ्याविषयी बोलणार आहे. तो तुमच्या बागेत गवत कापतो, चिरे वाहतो, भात झोडतो. पण तो स्वतः शेती जाणतो, हे आपल्या ध्यानात येत नाही.

खैराच्या गाभ्यापासून कात काढणारे म्हणून हे कातकरी किंवा काथोडी. १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगले राखीव होत गेली आणि हा धंदा त्यांच्या हातून सुटला. मग कोळसा पाडणे, मजुरी, वीटभट्टी. २०११ च्या जनगणनेत राज्यात सुमारे २ लाख ८५ हजार कातकरी नोंदले गेले. कोलाम व माडिया गोंड यांच्याबरोबर ही जमात विशेष असुरक्षित आदिवासी गटात मोडते.

डोंगरउतारावरची त्यांची नाचणी पाहण्यासारखी असते. राबावर रोपे तयार करायची आणि जेथे नांगर चालत नाही तेथे टोकदार काठीने भोक पाडून ती लावायची. हीच ठोंबा पद्धत. पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, मग कारळा आणि पुढे जमिनीला विसावा. दूर बोर्निओ बेटावरील दायाक लोकही डोंगरभात याच धर्तीवर घेतात आणि वापरलेला तुकडा रानाला परत देतात. विसाव्याची ही वर्षे मिळाली, तर पद्धत वाईट नाही.

त्यांच्या समजुतींना आपण हसतो. कातकरी लाल तोंडाच्या माकडाचे मांस खात नाहीत, अशी नोंद ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरात आहे; त्यात माणसाचा जीव असतो, असे ते मानत. माकडांच्या उपद्रवाने आपण बेजार आहोत हे खरे, पण कातकऱ्याला ‘मार’ म्हणण्याआधी एवढे ठाऊक असावे.

आता मुख्य मुद्दा. बियाणे वाटपाच्या एका कार्यक्रमात मी हजर होतो. नाचणीची पाकिटे होती आणि कातकरी वाडीतील एक आजोबा रांगेत होते. टेबलावरून सातबारा मागितला गेला. आजोबा म्हणाले, “जमीन शेटची, कष्ट माझं. कागद कुणाचा आणू?” पाकीट मिळाले नाही. मीही त्या वेळी गप्प बसलो, हे आज कबूल करतो.

२००६ च्या वनहक्क कायद्याने वनजमीन कसणाऱ्याला हक्क दिला. पण आपल्या जिल्ह्यात सरकारी जंगल फार थोडे; बहुतेक डोंगर खाजगी मालकीचे, म्हणजे तुमचे-आमचे. त्यामुळे हा कायदा येथे फारसा पोहोचत नाही. शिवाय १९४८ च्या कूळकायद्यामुळे मालकाच्या मनात धास्ती आहे. कूळ लागेल म्हणून तो दरवर्षी जागा बदलून देतो, लिहून तर काहीच देत नाही. मग उद्या जी जागा आपली नाही, तिच्यावर कोण बांध घालील? कोण गिरिपुष्पाचा पाला टाकील? पहिल्याच पावसात वरचा थर वाहून जातो आणि तो जातो मालकाच्या वरकस जमिनीतून. नुकसान दोघांचेही.

घराचेही तेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत कातकऱ्यांना घरकुले मिळू शकतात, पण झोपडीखालची जागा मालकाची. ज्यांच्या जागेत वाडी आहे, त्यांनी दोन गुंठे रीतसर खरेदीखताने किंवा बक्षीसपत्राने द्यावेत. तहसील कार्यालयात आधी चौकशी करावी, कारण तुकड्यांच्या व्यवहाराला नियम आहेत.

उताराची जागा देणार असाल, तर निदान ओळीने तीन हंगाम त्याच कुटुंबाकडे राहू द्या. लावणी उताराला आडवी, समपातळीत करायला सांगा आणि मध्ये वाळ्याच्या ओळी ठेवा. एकरी दोन किलो नाचणीचे बी पुरते. ते तुम्हीच तुमच्या सातबाऱ्यावर घेऊन द्या.

आमचे मेळावे हिवाळ्यात होतात आणि कातकरी तेव्हा उचल घेऊन भट्टीवर गेलेले असतात. मेअखेर ते परततात. त्या वेळी वाडीवर एक बैठक ठेवा. मला कळवा, मी येईन.