दांतांच्या तारा व लोकांचे ग्रह

दहाबारा वर्षांच्या मुलाच्या दांतांना तारा बसल्या, कीं घरांतील वडील मंडळींच्या मनांत नाना शंका उभ्या राहतात. तारेनें ओढून दांत खिळखिळे होतील व चाळिशींतच बत्तिशी गळेल, ही त्यांतील मुख्य. एकमेकांस सांगतां सांगतां शंकेचा सिद्धान्त होतो. आणि चारसहा महिन्यांनीं एखादा दांत किंचित् हलूं लागला, कीं चाललेला उपचार अर्ध्यावर बंद पाडण्यास तेवढें निमित्त पुरतें.

दांत म्हणजे भिंतींत ठोकलेला खुंटा, या कल्पनेंत या भीतीचें मूळ आहे. खुंटा हलविला तर भोंक मोठें होतें हें खरें. पण जबडा ही भिंत नव्हे. दांताचें मूळ व हाड यांच्यामध्यें तंतूंचा एक थर असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारें पांचव्या हिश्श्याएवढी. तारेचा मंद दाब पडला म्हणजे ज्या बाजूस मूळ दाबलें जातें तेथील हाड शरीर आपण होऊन झिजवितें, आणि ज्या बाजूचे तंतू ताणले जातात तेथें नवें हाड घालतें. अशा रीतीनें दांत आपल्या खोबणीसह सरकतो. स्वीडनमधील कार्ल सँडस्टेड यांनीं कुत्र्यांवर प्रयोग करून १९०४-०५ च्या सुमारास हें दाखवून दिलें. ही चाल फार सावकाश, महिन्यास साधारण एक मिलिमीटर. म्हणून उपचारास बहुधा दीड ते दोन वर्षें लागतात. मधल्या काळांत दांत थोडा हलतो, तो त्याचें घर नव्यानें बांधलें जात असतें म्हणून. हिरड्यांतून पू येत असेल तर गोष्ट वेगळी. तो रोग आधीं बरा केल्यावांचून तारेस हात लावूं नये.

'तार जास्त आवळा, म्हणजे लौकर सुटका होईल', अशी घाई करणारे पालकही भेटतात. फाजील दाबानें त्या तंतूंचा रक्तपुरवठा तुटतो व दांत उलट अडून बसतो. पुढच्या दोन दांतांमधील फट बुजविण्यासाठीं घरच्या घरीं रबराचें कडें अडकविणें हा तर निव्वळ घातकी उद्योग होय. तें कडें दिसेनासें होऊन हिरडीखालीं मुळाच्या टोंकाकडे सरकत जातें, आणि अशा प्रकारें धडधाकट दांत गमावलेले आहेत.

वरची दाढ काढली तर नजर जाते, ही समजूत आपल्याकडे फार जुनी. जागा करण्यासाठीं उपदाढा काढाव्या लागतील असें दंतवैद्यानें सांगतांच कित्येक जण माघार घेतात, तें याच भयानें. वस्तुतः दांतांच्या संवेदना मेंदूंतून निघणाऱ्या पांचव्या मज्जातंतूच्या शाखा वाहतात. दृष्टीचा मज्जातंतू दुसरा, आणि त्याचा दांताशीं संबंध नाहीं. दांत काढावे कीं नाहीं हा वाद मात्र खुद्द तज्ज्ञांतही झाला. या शास्त्राचा पाया घालणारे अमेरिकेंतील एडवर्ड अँगल (१८५५–१९३०) यांचा एकही दांत न काढण्याविषयीं आग्रह होता. त्यांचेच अनुयायी चार्ल्स ट्वीड यांना पुढें कांहीं रोग्यांच्या उपदाढा काढून पुन्हा उपचार करावे लागले. आज प्रत्येक जबडा मोजून निर्णय करतात.

तारा म्हणजे केवळ मुलींच्या लग्नासाठीं रूप सुधारण्याची सोय, हें म्हणणें अपुरें आहे. फार पुढें आलेले दांत पडतां-झडतां लौकर मोडतात, आणि उलटे बसणारे दांत एकमेकांस झिजवितात. तथापि थोडेसे वेडेवांकडे दांत असले तर तारा लावल्याच पाहिजेत असेंही नाहीं. वयाचें बंधनही लोक मानतात तेवढें नाहीं. हाडाची ही घडामोड जन्मभर चालते. प्रौढपणीं हिरड्या निरोगी असल्या म्हणजे झालें. लहानपणीं मात्र सातव्या वर्षाच्या सुमारास एकदां तपासणी करावी, असा अमेरिकेंतील तज्ज्ञांच्या संघाचा सल्ला आहे. त्याच वयांत तारा लावा, असा त्याचा अर्थ नव्हे.

तारेनें दांत किडतात, हा आरोपही तारेवर अन्यायाचा आहे. अन्न अडकतें व घासणें नीट होत नाहीं, म्हणून तारेभोंवतीं पांढरे डाग पडतात व पुढें कीड लागते. चिक्की, ऊस आणि फुटाणे यांनीं तर बसविलेले भाग निखळतात. पेरू हवाच असेल तर फोडी करून द्यावा.

तारा निघाल्या त्या दिवशीं घरांत पेढे वाटले जातात व काम संपलें असें सर्व मानतात. पण भोंवतालचे तंतू दांताला पूर्वीच्या जागेकडे ओढतच राहतात, म्हणून 'रिटेनर' नांवाची पट्टी आधीं सांगितल्याप्रमाणें व पुढें कित्येक वर्षें रात्रीं तरी वापरावी लागते. ती डबींत घालून कपाटांत ठेवली, तर हळूहळू दांत पुन्हा वळूं लागतात, आणि कांहीं महिन्यांनीं तीच पट्टी काढून लावूं गेल्यास ती बसत नाहीं.