आमच्या घरात सहा मते
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझी शाळा सातवीत सुटली. पण अध्यक्षबाई म्हणाल्या, "घरात बोलतेस तसेच बोल," म्हणून उभी राहिले आहे. विषय मताचा घेतला आहे, पक्षाचा नव्हे. आपल्या मंडळात सगळ्या पक्षांच्या घरातल्या बायका आहेत आणि हळदीकुंकवाला आपण एकाच सतरंजीवर बसतो. ते मला मोडायचे नाही.

निवडणूक आली की आपल्या नारायणगावात जो तो विचारतो, "हवा कोणाची?" बाहेरच्याला वाटते, हा मुलूख एका कोणाचा तरी बांधलेला असेल. मी आपल्या जुन्नर विधानसभेचा हिशेब मांडून पाहिला. २००९ साली घड्याळावर वल्लभ बेनके निवडून आले. २०१४ साली इंजिनावर शरद सोनवणे आले. साऱ्या महाराष्ट्रात मनसेचा तेवढा एकच आमदार होता. २०१९ साली पुन्हा घड्याळ, अतुल बेनके. २०२४ साली परत सोनवणे, पण या वेळी अपक्ष. म्हणजे आपली माणसे चिन्हाला बांधलेली नाहीत. माणूस पाहतात, भावकी पाहतात, पाण्याचे आवर्तन आणि कांद्या-टोमॅटोचा बाजार पाहतात. हे चांगलेच आहे. पण मैत्रिणींनो, हे पाहणारे कोण? ओट्यावर बसलेले पुरुष. आपण आत चहा करीत असतो.

२०२४ च्या लोकसभेची गोष्ट सांगते. एक कार्यकर्ते वही घेऊन आमच्या ओट्यावर आले. थोरले दीर म्हणाले, "आमच्या घरात सहा मते. काळजी करू नका." त्यांनी वहीत सहाचा आकडा लिहिला. मी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होते. त्या सहांत माझे एक होते, जाऊबाईंचे एक आणि सासूबाईंचे एक. तिघींपैकी एकीलाही कोणी विचारले नव्हते.

रात्री सासूबाईंनी मला हळूच विचारले, "घड्याळ कितव्या नंबरावर आहे गं?" त्यांना अक्षरओळख नाही, चिन्हावरच त्यांचे मत. मी म्हटले, "आत्या, घड्याळ तेच आहे, पण माणूस बदललाय." २०१९ साली आपल्याच गावचे अमोल कोल्हे घड्याळावर उभे होते आणि आढळराव पाटील धनुष्यबाणावर. २०२४ साली पक्ष फुटल्यावर आढळराव घड्याळावर आले आणि कोल्हे तुतारी वाजवणाऱ्या माणसावर. सासूबाई म्हणाल्या, "मग मला चिन्ह नको सांगू, माणसं सांग." मी त्यांना सांगितले, यंत्रावर नावाशेजारी आता फोटो असतो, तोंड ओळखून बटण दाबा. त्यांनी कोणाला दिले ते मी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

मतदान करून येताना ह्यांनी मला वाटेत विचारले, "ठरल्याप्रमाणे ना?" मी म्हटले, "मत गुप्त असते." एवढेच बोलले, पण घरात दोन दिवस अबोला होता. मला भीतीही वाटली, खोटे कशाला सांगू? तिसऱ्या दिवशी कांद्याच्या पट्टीचा हिशेब जुळेना, तेव्हा ह्यांनी मलाच हाक मारली. हिशेबाला माझे डोके चालते, तर मताला का चालू नये?

मी एके ठिकाणी वाचले, १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून गाळावी लागली. त्यांनी आपले नाव सांगितलेच नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' एवढेच सांगितले. बहुतेक उत्तरेकडच्या प्रांतांत असे झाले. आपण त्यांना हसू नये. आज यादीत आपले पुरते नाव आहे, फोटो आहे, पण वहीत आपण 'सहा मते'च आहोत.

निवडणुकीच्या तोंडावर वाणात भांडी येतात, साड्या येतात. मीही एकदा पातेले घेतले आहे. ते अजून वापरात आहे. पण पातेले म्हणजे मताची उसनवारी नव्हे. २०२४ साली बहिणींच्या खात्यावर महिना दीड हजार रुपये येऊ लागले. ते कोणाच्या घरचे नव्हेत, सरकारी तिजोरीतले, म्हणजे आपल्याच करातले. त्यासाठी कोणाला मत द्यावे किंवा देऊ नये, ते जिचे तिने ठरवावे.

रात्री मोटर चालू करायला माणूस गेला की बिबट्याच्या भीतीने दाराशी जागी कोण राहते? आपण. मग दिवसा वीज मिळावी, हे मागायला आपल्याइतका हक्क कोणाला आहे? पुढच्या वेळी मते मागायला कोणी आले, तर चहा ठेवून आत जाऊ नका. तिथेच बसा आणि हा प्रश्न विचारा. घरच्यांशी भांडू नका. "आमच्या घरात सहा मते" असे कोणी म्हणाले, तर हसून म्हणा, "भाऊ, सहा माणसं आहेत, सहांना विचारा."

कायद्याने आपले मत कोणाला सांगण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. नवऱ्यालाही नाही, मंडळालाही नाही. म्हणून मीही तुम्हाला माझे सांगत नाही.

बोलण्यात काही चुकले असेल तर पदरात घ्या. एवढे बोलून मी खाली बसते.