लांब पल्ल्याची रायफल

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं कोलोराडो संस्थानांत ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास रायफलीनें हरिणांची शिकार करण्याचा हंगाम येतो. तेथील मुख्य हरिण म्हणजे ‘म्यूल डिअर’. खेचरासारख्या मोठ्या कानांवरून त्याला हें नांव पडलें. आपल्याकडील सांबराप्रमाणेंच त्याच्या नराचीं शिंगें दरवर्षीं गळतात व नवीं फुटतात. सेजच्या खुरट्या झुडुपांचीं माळरानें व डोंगरांचे उघडे उतार हें त्याचें वसतिस्थान. आडोसा थोडा आणि दृष्टीचा पल्ला मोठा, अशा त्या मुलुखांत तीनशें-चारशें यार्डांवर उभें असलेलें हरिण पाहून नवशिक्या शिकाऱ्याच्या मनांत पहिला प्रश्न उठतो तो हाच कीं, इतक्या दूर मारील अशी रायफल कोणती?

भारतांत १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शौकाची शिकार बंद झाली, तेव्हां इकडच्या श्रोत्यांस हा प्रश्न प्रत्यक्षांत पडण्याचा संभव नाहीं. तिकडे मात्र परवान्यांची संख्या ठरवून सरकारच ही शिकार चालवितें. १९९९ सालापासून कोलोराडोंत हरिणाचा प्रत्येक परवाना मर्यादित संख्येंतूनच मिळतो. मिळालेल्या परवान्यावर एकच हरिण मारतां येतें. तें जागच्या जागीं पडलें तर घरीं मांस येतें. पोटांत किंवा मांडींत गोळी घेऊन तें पळालें, तर कित्येक तास तडफडत कोठेंतरी मरतें, आणि शिकाऱ्याच्या हातीं कांहींच लागत नाहीं. रायफलीची निवड या दुसऱ्या शक्यतेला भिऊनच करावयाची असते.

कायद्याची अपेक्षा तशी थोडी आहे. नळीचा व्यास निदान ०.२४ इंच, गोळीचें वजन निदान ७० ग्रेन, गोळी लागतांच फुलणारी, आणि शंभर यार्डांवर तिच्यांत निदान १००० फूट-पौंड शक्ति शिल्लक. इतकें असलें कीं पुरे. बाजारांतील बहुतेक काडतुसें ही परीक्षा सहज उतरतात. १९०६ सालीं अमेरिकन सैन्यानें स्वीकारलेलें .३०-०६ आजही अनेकांच्या हातीं आहे. विंचेस्टर कंपनीनें १९२५ सालीं काढलेल्या .२७० ची कीर्ति ‘आउटडोअर लाइफ’ मासिकाचे शस्त्रविषयक लेखक जॅक ओकॉनर यांनीं आपल्या लेखणीनें दूरवर पसरविली. हॉर्नाडी कंपनीचें ६.५ क्रीडमूर हें २००७ सालचें, म्हणजे या मंडळींत अगदीं धाकटें. त्याचें नांव न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील जुन्या चांदमारीच्या मैदानावरून घेतलें आहे. १८७४ सालीं आयर्लंड व अमेरिका यांच्या नेमबाजांचा गाजलेला सामना तेथेंच झाला होता. काडतूसही मुळांत निर्जीव लक्ष्यावरील स्पर्धेसाठींच जन्मास आलें. हरिणाचा संबंध नंतरचा!

आतां .२७० चेंच उदाहरण घेऊं. १३० ग्रेनची गोळी नळीबाहेर पडतांना सेकंदाला सुमारें ३०६० फूट धांवते. रायफलीचा नेम दोनशें यार्डांवर बरोबर जुळविला, तर तीनशें यार्डांवर ती सहा-सात इंच खालीं लागते, चारशेंवर दीड फुटाहून अधिक, आणि पांचशेंवर तीन फुटांहून अधिक. हे आंकडे ऐकून घाबरावयास नको. गुरुत्वाकर्षण मोठें नियमित आहे. अंतर मोजणारें लेसर यंत्र खिशांत असलें आणि कोष्टक पाठ असलें, कीं गोळी किती पडणार तें आधींच सांगतां येतें.

खरा घात करतो तो वारा. ताशीं दहा मैलांचा आडवा वारा हीच गोळी तीनशें यार्डांवर सहा-सात इंच बाजूला ढकलतो आणि पांचशें यार्डांवर सुमारें वीस इंच. आतां शिकाऱ्यानें दहा मैलांचा वारा पांच मैलांचाच आहे असें मानलें, तर तीनशें यार्डांवर त्याची चूक तीन-साडेतीन इंचांची होते. हरिणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग आठ-दहा इंचांचा असतो. मध्यावर धरलेला नेम एवढी चूक पोटांत घालतो. पांचशें यार्डांवर मात्र तीच चूक दहा इंचांची होऊन गोळी थेट हरिणाच्या पोटांत जाते. शिवाय डोंगराळ मुलुखांत शिकाऱ्याजवळचा वारा एक आणि मधल्या घळींतला दुसरा. गोळीला पांचशें यार्ड जाण्यास अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो. तेवढ्यांत चरणारें हरिण एक पाऊल पुढें टाकूं शकतें, आणि हें पाऊल मोजणारें यंत्र अद्याप निघालेलें नाहीं.

यावर दुकानदारांचा उपाय म्हणजे अधिक दारूचें काडतूस. १९६३ सालच्या .३०० विंचेस्टर मॅग्नमसारख्या काडतुसानें जड गोळीही वेगानें जाते हें खरें. परंतु सारख्याच वजनाच्या रायफलींत त्याचा खांद्याला बसणारा धक्का.२७० च्या साधारण दीडपट असतो. वीस बार काढले कीं खांदा ठणकूं लागतो, मग चाप ओढतांना डोळे मिटतात, आणि सराव तर आपोआपच बंद पडतो. यापेक्षां लांबट, निमुळती गोळी घेणें शहाणपणाचें. तिला हवेचा अडथळा कमी होतो. मात्र लांब गोळीला अधिक फिरकी लागते. म्हणूनच .२७० च्या नळींतले आटे परंपरेनें दहा इंचांत एक फेरा घेतात, तर ६.५ क्रीडमूरचे आठ इंचांतच. धक्का सौम्य, काडतूस गांवोगांवीं मिळणारें, चाप हलका व स्वच्छ, आणि डोंगर चढतांना जड न होणारी, अशी साधी रायफल हरिणासाठीं पुरेशी होते.

वांचलेला पैसा दुर्बिणींत घालावा. येथेंही बहुतेकांची दृष्टि ती किती पटीनें मोठें दाखविते याकडेच असते. कोलोराडोंत सूर्योदयापूर्वीं अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत बार काढण्याची मुभा आहे, आणि हरिणें नेमकीं त्याच संधिप्रकाशांत बाहेर पडतात. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीनें भागलें म्हणजे डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी कळते. ४२ मिलिमीटरचें भिंग सहा पटीवर ७ मिलिमीटरचा झोत देतें. चौदा पटीवर तो ३ मिलिमीटरचाच उरतो. अंधुक उजेडांत विस्फारलेल्या बाहुलीला तो अपुरा पडतो आणि चित्र काळवंडतें. मोठ्या पटीवर दृश्याची चौकट लहान होते. बार झाल्यावर हरिण कोणीकडे गेलें हेंही दिसत नाहीं. तेव्हां तीनपासून नऊ-दहा पटीपर्यंत बदलणारी दुर्बीण बहुतेकांस पुरते.

दूरचा बार काढणाऱ्यानें आणखी दोन गोष्टी पाहाव्या. डोळा किंचित् हलतांच नेमाच्या रेषा लक्ष्यावरून सरकल्यासारख्या दिसतात. हा दोष घालविण्याची चकती दुर्बिणीला असावी. दुसरें, नेम वर-खालीं करण्याची चावी कितीही फिरवून परत आणली तरी पूर्वीच्याच जागीं येते कीं नाहीं, हें कागदावर बार काढून तपासावें. पुष्कळ स्वस्त दुर्बिणी येथेंच नापास होतात. आणि दुर्बीण धरून ठेवणाऱ्या कड्यांचे स्क्रू सैल असतील, तर सर्वांत महाग भिंगही व्यर्थ!

अखेर पल्ला ठरवावयाचा तो चांदमारीच्या टेबलावर नव्हे. आठ इंच व्यासाची कागदी तबकडी माळावर लावावी. थोडें चढून दम लागला असतां, बसून किंवा काठीच्या टेकूवर, वारा असलेल्या दिवशीं बार काढावे. ज्या अंतरावर एकही गोळी तबकडीबाहेर जात नाहीं, तोच त्या शिकाऱ्याचा पल्ला. पुष्कळांचा तो अडीचशें यार्डांच्या आंतच येतो. त्यापलीकडे हरिण दिसलें, तर वारा तोंडावर घेऊन, कोरड्या ओढ्यांतून वांकून शंभर-दीडशें यार्ड पुढें जावें; आणि तसें जातां येत नसेल, तर रायफल खांद्याला अडकवून दुर्बिणीनें नुसतें पाहात बसावें.