गोठ्यातील वीज

घरच्या घरी वीज निर्माण करावी आणि उरेल ती वीजमंडळाच्या तारेत सोडून चार पैसे मिळवावेत, ही कल्पना ऐकावयास मोठी गोड वाटते. बंगळुरात घरांच्या छपरांवर सूर्यप्रकाशाच्या योगाने ती पुष्कळांना साधली आहे. शेण, लाकूडफाटा, करंजाचे तेल यांच्या बळावर ती साधेल काय, हा प्रश्न मात्र निराळा. ऊन आपोआप अंगणात येते; शेण कोणाला तरी उचलून आणावे लागते.

हिशेब पाहावा. एक गाय दिवसास सुमारे १० किलो शेण देते. किलोभर शेणापासून साधारण ४० लिटर वायू निघतो. तेव्हा गाईमागे ४०० लिटर. आणि तो इंजिनात जाळला तर अर्धापाऊण युनिट वीज. दोन गाईंच्या धन्याचे दिवे व एखादा पंखा त्यावर चालेल; विकावयास काय उरणार? बरे, तोच वायू शेगडीत जाळला तर त्याची निम्मी उष्णता भांड्याला लागते. इंजिनात चौथा हिस्सा विजेत उतरला तरी पुष्कळ.

एकट्या घराला न जमणारी ही गोष्ट गावाने करून पाहिली. वायूचा दिवा आपल्याला नवा नव्हता. मुंबईस माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ सालीच मैल्याच्या वायूवर दिवे लागले होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने १९७४ साली ‘अस्त्र’ हे ग्रामोपयोगी तंत्रविद्येचे केंद्र निघाले. त्याने तुमकूर जिल्ह्याच्या कुणिगल तालुक्यातील पुरा हे गाव निवडले. १९७७ साली तेथे ५६ घरे व ३५७ माणसे होती. आरंभीचा बेत स्वयंपाकाच्या वायूचा होता. पण साऱ्या चुली पेटाव्यात एवढे शेण गावात नव्हते, आणि अर्ध्या चुली पेटवून गाव संतुष्ट होत नाही. मग १९८७ साली तोच वायू, थोड्या डिझेलची जोड देऊन, इंजिनाकडे वळविण्यात आला. विंधणविहिरीचे पाणी नळाला आले, घरांत दिवे लागले. शेण तोलून घेत. आणून देणारास किलोमागे २ पैसे मिळत. वायू निघून गेल्यावरचा शेणकाला खत म्हणून ज्याचा त्याला परत जाई. ते २ पैसे बहुधा बायका आणि मुले यांच्या हाती पडत. मला या साऱ्या योजनेत हीच तरतूद सर्वांत शहाणपणाची वाटते. पुऱ्याने वीज विकली नाही, वापरली.

विकण्याचा प्रयोग त्याच जिल्ह्यात कब्बिगेरे येथे झाला. लाकडाचे तुकडे अपुऱ्या हवेत जाळून निघणारा वायू धुऊन इंजिनात सोडावयाचा, अशी तेथील रीत. ५०० किलोवॉट क्षमतेचे हे केंद्र २००७ साली बंगळूर वीज पुरवठा कंपनीच्या तारेस जोडले गेले. एका युनिटास सव्वा ते दीड किलो वाळलेले लाकूड लागते. ते लावावयाचे, तोडावयाचे, वाळवावयाचे, वाहावयाचे. या प्रत्येक कामाला मजुरी पडते. विजेचा दर मात्र कराराच्या कागदावर एकदा ठरतो आणि वर्षानुवर्षे तेथेच बसून राहतो. मजुरी व लाकूड यांना तो करार ठाऊक नसतो! खरेदीदार एकच, तेव्हा घासाघीसही होत नाही.

दुसरी अडचण याहून विचित्र. मुख्य तारेतील वीज गेली, की तिला जोडलेले असे केंद्रही थांबवावे लागते. नियम योग्यच आहे, कारण तारेवर चढलेल्या कामगाराच्या जिवाचा प्रश्न असतो. पण त्याचा परिणाम असा, की इंजिन सुस्थितीत, लाकूड कोठारात, आणि कुंपणापलीकडचे गाव अंधारात.

म्हणून माझे मत असे, की यापुढे अशा केंद्राशी करार करताना दोन कलमे आधी लिहावीत. लाकूड आणि शेण यांच्या भावाबरोबर विजेचा दरही दर वर्षी तपासला जावा. आणि मुख्य तार बंद पडताच गाव तिच्यापासून वेगळे करणारा स्विच केंद्रातच बसवावा, म्हणजे तेवढा वेळ गावची वीज गावात चालेल. या स्विचचा खर्च गावावर न टाकता वीज विकत घेणाऱ्या कंपनीने सोसावा.